डेटा सेंटर : तेथील काम आणि गावचा वाटा



लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट ऑफिसात उसाबरोबर घरच्या गोष्टीही निघतात. मध्यंतरी भुसावळ गटातील एक सभासद मुलाच्या नोकरीचे पत्र घेऊन आले. मुलगा आय.टी.आय. झालेला वीजतंत्री आणि बोलावणे नवी मुंबईच्या एका डेटा सेंटरचे. भाऊंनी सरळच विचारले, "साहेब, पोरगा तारा जोडणारा. संगणकाच्या कंपनीत जाऊन तो करीन काय?" त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. नंतर माहिती मिळवली. असाच प्रश्न इतर घरांतही पडत असणार, म्हणून ही माहिती सर्वांसाठी देत आहोत.

हाही एक कारखानाच

आपण मोबाईलवर पैसे पाठवतो, ऊसबिल बँकेत जमा झाल्याचा निरोप येतो, सातबारा घरबसल्या निघतो. ही सर्व नोंद कोठे तरी ठेवलेली असते. ती ठेवणाऱ्या आणि हिशेब करणाऱ्या हजारो संगणकांची इमारत म्हणजे डेटा सेंटर. आत कपाटांच्या रांगा असतात व प्रत्येक कपाटात पडदा नसलेले संगणक एकावर एक बसवलेले असतात. रिझर्व्ह बँकेने 2018 साली पैशांच्या व्यवहारांची माहिती देशातच ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हापासून अशा इमारतींची गरज आणखी वाढली.

महाराष्ट्र ह्या बाबतीत पुढे आहे. मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुणे, मुंबई व चेन्नई येथून ही सेवा सुरू केली. ॲमेझॉनने 2016 मध्ये आणि गुगलने 2017 मध्ये मुंबई निवडली. पनवेलला 2020 साली योट्टा कंपनीचे मोठे केंद्र सुरू झाले. ऐरोली, महापे, रबाळे ह्या पट्ट्यातही बरीच केंद्रे आहेत. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि तिकडे विजेचा पुरवठाही भरवशाचा आहे, हे त्याचे मुख्य कारण.

आपल्या कारखान्यात ऊस येतो आणि साखर बाहेर पडते. तेथे वीज आत जाते आणि हिशेब बाहेर येतो. मात्र आत गेलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती सतत बाहेर काढावी लागते, नाहीतर यंत्रे थोड्या वेळात बंद पडतील.

दुसरा फरक हंगामाचा. आपले गाळप संपले की मिल उघडून दुरुस्ती करता येते. डेटा सेंटरला ऑफ-सीझन नाही, दिवाळी नाही. म्हणून तेथे प्रत्येक वस्तू दुहेरी ठेवतात. बाहेरची वीज गेली की आधी बॅटऱ्या भार उचलतात. तेवढ्या काही मिनिटांत डिझेल जनित्रे सुरू व्हावी लागतात. ती वेळेवर सुरू झालीच पाहिजेत, म्हणून ठरावीक दिवसांनी चालवून पाहतात.

काम कोणाला मिळते?

संगणक शिकलेली माणसे तेथे लागतात, पण तेवढ्याने केंद्र चालत नाही. वीजतंत्री, वातानुकूलन व रेफ्रिजरेशनचा कारागीर, डिझेल मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, आगीपासून संरक्षण पाहणारा, तारा ओढणारा, पहारेकरी ह्यांच्या जोरावरच ते रात्रंदिवस चालते. काम पाळीचे असते. भुसावळच्या माणसाला पाळी म्हणजे काय हे सांगायला नको. रेल्वेने आणि दीपनगरने तीन पिढ्यांना रात्रपाळीची सवय लावली आहे. दर तासाला मीटरचे आकडे वहीत किंवा संगणकात टिपणे, लेखी परवान्याशिवाय स्विचला हात न लावणे, पाळी सोपवताना सर्व नोंद दाखवणे, ही त्या कामाची शिस्त. आपल्या पॉवर हाऊसमध्ये ज्याने काम केले त्याला ती नवी वाटणार नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. इमारत बांधताना दीड-दोन वर्षे शेकडो माणसांना काम मिळते. एकदा केंद्र सुरू झाले की एका पाळीला काही डझन माणसे पुरतात. साखर कारखान्यात कायम व हंगामी कामगार, तोडणी टोळ्या, वाहतूकदार अशी हजारो घरे गुंतलेली असतात, तसे तेथे होत नाही. शिवाय बरीच माणसे कंपनीची नसून ठेकेदाराची असतात. म्हणून नोकरीच्या पत्रावर नाव कोणाचे, पी.एफ. कोण भरणार, पाळी किती तासांची, हे आधी विचारावे. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला उभे करू नये.

विजेचा व पाण्याचा हिशेब

कोणी म्हणतात असे केंद्र गाव सुजलाम करील, कोणी म्हणतात सर्व पाणी पिऊन टाकील. आपण शेतकरी आहोत, आकडा मांडून पाहू.

संगणकांचा भार 20 मेगावॅट असलेले केंद्र धरा. ते सतत चालले तर दिवसाला 4 लाख 80 हजार युनिट वीज लागते, थंडाव्याची वीज वेगळी. दीपनगरचा 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर अशी साधारण 25 केंद्रे चालतील. वीज तारेतून मुंबई-पुण्याकडे जाते, पण कोळशाची राख मागे राहते ती आपल्याकडे. म्हणजे डेटा सेंटर भुसावळात नसले तरी त्याचा थोडा भार भुसावळ उचलतेच. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता पाणी. सगळी उष्णता पाण्याची वाफ करूनच घालवायची म्हटले, तर एका मेगावॅटला दिवसाला सुमारे 35 हजार लिटर पाणी उडून जाते. 20 मेगावॅटला झाले 7 लाख लिटर. माणशी 70 लिटर धरले तर हे 10 हजार वस्तीच्या गावाचे पाणी. हवेने थंड करण्याची पद्धतही आहे. तिला पाणी फार कमी लागते, पण वीज जास्त खर्च होते.

मात्र हाच आकडा आपल्याकडेही वळवून पाहू. सुरू उसाला पाटपाण्याने सुमारे 250 हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी सुमारे 1 कोटी लिटर. वरच्या केंद्राचे वर्षाचे पाणी साडेपंचवीस कोटी लिटर होते. ते पाटपाण्यावरच्या जेमतेम 25 एकर उसाइतके आहे! तेव्हा दुसऱ्याच्या पाण्याकडे बोट दाखवताना आपल्या सरीकडेही पाहावे. ठिबकने पाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास बचत होते आणि ठिबकची माहेरवाडी तर आपला जळगाव जिल्हाच आहे. तरीही उन्हाळ्यात हतनूरची पातळी उतरते तेव्हा 10 हजार माणसांचे पिण्याचे पाणी ही लहान गोष्ट नाही. वर्षाच्या बेरजेपेक्षा मे महिन्याचा आकडा पाहायला हवा.

गावाला मदत : मागितली तर मिळते

2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या नफ्याच्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते व त्यात आसपासच्या भागाला अग्रक्रम द्यावयाचा असतो. पैसे कशावर खर्चायचे हे मात्र कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. आपल्या कारखान्यात सभासद वार्षिक सभेत उभा राहून विचारू शकतो. तेथे गावकऱ्याला सभा नाही. म्हणून गावाने आपली गरज आधी लेखी मांडली पाहिजे, नाहीतर गावाला हवी असते प्रयोगशाळा आणि मिळतो रंगवलेला बाक.

ह्याबाबत वारणेचा अनुभव बोलका आहे. कोल्हापूर-सांगलीकडील वारणा सहकारी समूहाच्या 70 गावांत 1998 साली संगणकाने गावे जोडण्याची योजना सुरू झाली. शेतीची माहिती, बाजारभाव, दाखले हे सर्व गावातच मिळावे असा हेतू होता. प्रत्यक्षात मुख्य उपयोग झाला तो उसाच्या वजनाच्या व खताच्या हिशेबाचा. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन संस्थेने सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना जास्त आवडले. ह्यातून एक धडा मिळतो. महागडे यंत्र आणून ठेवले म्हणजे गावाचे भले होत नाही. शेतकऱ्याला नेमके काय हवे ते विचारून केलेली साधी सोयच टिकते. अलीकडे बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उपग्रह व हवामानाच्या माहितीवरून उसाला सल्ला देण्याचे काम सुरू केले आहे. तो सर्व हिशेब डेटा सेंटरमध्येच होतो. तेव्हा हा कारखाना आपल्या अगदीच परका राहिलेला नाही.

उद्या आपल्या भागात कोणी अशा उद्योगासाठी जमीन मागायला आले, तर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा :

1. पाणी कोठून घेणार आणि मे महिन्यात दररोज किती?
2. केंद्र सुरू झाल्यावर कायम नोकऱ्या किती, त्यांत ठेकेदाराकडच्या किती?
3. आमच्या मुलांना प्रशिक्षण जवळच्या आय.टी.आय.त देणार का, आणि ते केव्हापासून?
4. समाजकार्याचा पैसा कशावर खर्चायचा, हे ठरवताना ग्रामसभेला विचारणार का?

उत्तरे तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.

त्या भाऊंना आम्ही नंतर बोलावून घेतले. पत्र वाचले, ठेकेदाराचे नाव, पी.एफ. आणि पाळीचे तास पाहिले व सांगितले, "पोराला जाऊ द्या. काम त्याच्याच हातचे आहे. दोन-चार वर्षे शिस्तीत शिकला तर कोठेही उभा राहील." भाऊ जाता जाता म्हणाले, "अन् ऊस?" आम्ही म्हटले, "उसाला ठिबक करून घ्या. मग पाणी द्यायला रात्री पोरगा घरी नसला तरी चालीन."

आपला,
ऊस विकास अधिकारी