छायाचित्र, यंत्र आणि आपला चेहरा

नोकरीच्या अर्जावर छायाचित्र डकविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी त्यासाठी तालुक्याच्या गावी स्टुडिओत जावे लागे, उसना कोट अंगात चढवावा लागे आणि आठवड्याने मिळणाऱ्या प्रती पाकिटात जपून ठेवाव्या लागत. आता छायाचित्र मोबाईलवर निघते आणि लिंक्डइनसारख्या व्यावसायिक संकेतस्थळावर क्षणात जाऊन बसते. उमेदवार मुलाखतीच्या दालनात पाऊल ठेवतो त्याच्या कितीतरी आधी त्याचा चेहरा तेथे पोहोचलेला असतो. साहजिकच ते छायाचित्र नेटके असावे असे प्रत्येकाला वाटते, आणि ते नेटके करून देणारी यंत्रेही आता खिशात आली आहेत.

या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी संदर्भपत्र मागताना आम्हांकडे आपली छायाचित्रे पाठवितात. अलीकडे त्यांतील काही पाहून आम्हांस आमचाच विद्यार्थी चटकन ओळखू येत नाही. एका मुलीचे असे छायाचित्र तिच्या आईला दाखविले, तेव्हा त्या माउलीने क्षणभर पाहून विचारले, “ही कोणाची मुलगी?” प्रश्न साधा होता, पण विचार करायला लावणारा होता. यंत्रशिक्षण, म्हणजे मशीन लर्निंग, छायाचित्रावर नेमके काय करते, ते कोठे उपयोगी पडते आणि कोठे माणूसच बदलून टाकते, हे सांगण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत. आम्ही इतिहास शिकवितो, संगणकशास्त्र शिकवीत नाही. परंतु यंत्र कोणाच्या चित्रांवर शिकले हा प्रश्न पुराव्याचा आहे, आणि पुरावा तपासणे हेच इतिहासाचे काम आहे.

संगणकाच्या लेखी छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता असतो. चित्रातील प्रत्येक बारीक ठिपका, म्हणजे पिक्सेल, तांबडा, हिरवा आणि निळा किती हे सांगणाऱ्या तीन आकड्यांनी लिहिलेला असतो. हे आकडे सामान्यतः ० ते २५५ या मर्यादेत असतात. यंत्राला छायाचित्र ‘सुधारायला’ शिकविण्याची एक सोपी युक्ती आहे. उत्तम छायाचित्र घ्यावयाचे, ते मुद्दाम धूसर किंवा दाणेदार करावयाचे, ते बिघडलेले चित्र यंत्रापुढे ठेवावयाचे आणि मूळ चित्र ओळखावयास सांगावयाचे. यंत्राचे उत्तर आणि मूळ चित्र यांत जेवढा फरक पडेल, तेवढी आतल्या गणिती गुणकांत दुरुस्ती होते. असे लाखो वेळा घडले म्हणजे धूसर कडा पाहून तेथे स्पष्ट कडा कशी असावी, याचा अंदाज यंत्राला बांधता येऊ लागतो. सारी सुधारणा या अंदाजावर उभी आहे, हे ध्यानात ठेवावे.

अशा सुधारणांचे दोन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग असलेल्या माहितीची नीट मांडणी करण्याचा. आजचे मोबाईल एका छायाचित्रासाठी पाठोपाठ अनेक चित्रे टिपतात आणि ती एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढतात. त्यामुळे मंद प्रकाशातील दाणेदारपणा कमी होतो. पिवळ्या दिव्याखाली पिवळसर पडलेले रंग यंत्र तोलावर आणते. माणूस कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते हे ओळखून ते मागचा पसारा पुसट करते. या कामांत चेहऱ्याला फारसा धक्का लागत नाही. वसतिगृहाच्या खोलीतील दोरीवरचे कपडे छायाचित्रात दिसू नयेत असे एखाद्याला वाटले, तर त्यात गैर काहीच नाही.

दुसरा वर्ग नसलेली माहिती भरण्याचा, आणि अडचण येथे सुरू होते. चेहरा फारच धूसर असेल, तर त्या धूसर ठिपक्यांशी जुळणारे स्पष्ट चेहरे एक नसतात, शेकडो असू शकतात. त्यांतला कोणता निवडावा हे यंत्र आपल्या शिदोरीवरून ठरविते. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेली ‘पल्स’ ही प्रणाली १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या चेहऱ्यापासून १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचा स्पष्ट चेहरा बनवीत असे. कोणीतरी तिला बराक ओबामा यांचे धूसर छायाचित्र दिले. तिने एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा परत दिला. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता, कारण यंत्राला मन नसते. त्याच्या शिदोरीत गोरे चेहरे अधिक होते, म्हणून ‘चेहरा’ या शब्दाचा अर्थच त्याच्यापुरता गोरा झाला होता.

आज ‘स्टुडिओसारखे व्यावसायिक छायाचित्र’ बनवून देणारी जी ॲप लोकप्रिय आहेत, ती याही पुढे जातात. त्यांच्या मुळाशी असणारी प्रारूपे इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्रांवर आणि त्या चित्रांसोबतच्या शब्दांवर शिकलेली असतात. ‘लायन-५बी’ या प्रसिद्ध संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. गूगलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेल्या ‘ड्रीमबूथ’ पद्धतीने असे दिसून आले की, तयार प्रारूपाला एखाद्या व्यक्तीची तीन ते पाच छायाचित्रे दाखविली तरी ते त्या व्यक्तीला नव्या वेशात, नव्या ठिकाणी रंगवू शकते. त्यानंतर आलेल्या ॲपना आपण स्वतःची दहा-पंधरा छायाचित्रे देतो आणि ती आपल्याला कोट घालून काचेच्या इमारतीत उभे करतात. हे छायाचित्र कोणत्याही कॅमेऱ्याने काढलेले नसते. ते आपल्यासारख्या दिसणाऱ्या कोणाचे तरी चित्र असते.

त्यातही ‘व्यावसायिक’ हा शब्द निरुपद्रवी नाही. संग्रहात या शब्दाशेजारी ज्यांची छायाचित्रे अधिक आली, त्यांच्या रूपाकडे यंत्र आपल्याला ओढते. अमेरिकेत २०२३ साली आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीने अशाच एका साधनाला आपले छायाचित्र लिंक्डइनसाठी व्यावसायिक करून मागितले. परत आलेल्या चित्रात तिची त्वचा उजळली होती आणि डोळे निळे झाले होते. त्याआधी २०१७ मध्ये ‘फेसॲप’ने चेहरा आकर्षक करण्यासाठी दिलेली सोय प्रत्यक्षात त्वचा गोरी करीत होती. टीका झाल्यावर कंपनीने क्षमा मागितली आणि दोष शिकवणीच्या चित्रांतील असमतोलाचा असल्याचे सांगितले. आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. मुलीने गोरेपण मागितले नव्हते. तिने ‘नीट’ छायाचित्र मागितले होते, आणि यंत्राने नीट या शब्दाचा अर्थ परस्पर लावला होता.

हा प्रकार यंत्रशिक्षणाबरोबर जन्मला असे मात्र समजू नये. रंगीत फिल्मच्या काळी प्रयोगशाळेत रंगांचा तोल जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुनापत्र पाठवीत असे. त्यावर एका गौरवर्णीय स्त्रीचे छायाचित्र असे आणि ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. शर्लीची त्वचा बरोबर दिसली की यंत्र बरोबर, असा दंडक होता. परिणामी गोरी आणि काळी मुले एका छायाचित्रात आली, की काळ्या मुलांच्या चेहऱ्यावरचे बारकावे अंधारात बुडून जात. गडद तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांनी केली, आणि फिल्म सुधारण्यास त्या तक्रारींनी चालना दिली, असे कोडॅकमध्ये काम केलेल्यांनी पुढे सांगितले आहे. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले नमुनापत्र १९९० च्या दशकात आले. चॉकलेटची तक्रार माणसाच्या तक्रारीआधी ऐकली गेली, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरण्यासारखी नाही.

संगणकाच्या युगात हीच मोजणी पुन्हा करावी लागली. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. त्यासाठी त्यांनी आफ्रिकेतील तीन आणि युरोपातील तीन देशांच्या संसद सदस्यांची १,२७० छायाचित्रे वापरली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के निघाली. सावळ्या आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. या मोजणीनंतर कंपन्यांना हालचाल करावी लागली. गूगलने २०२१ मध्ये आपल्या फोनमध्ये गडद त्वचा खरी दिसावी यासाठी ‘रिअल टोन’ ही सुधारणा आणली आणि २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली त्वचेच्या दहा छटांची पट्टी सर्वांसाठी खुली केली. दोष मोजला गेला, जाहीरपणे मांडला गेला, तेव्हाच तो दुरुस्तीस आला.

या संदर्भात फ्रेडरिक डग्लस यांचे स्मरण करणे उचित ठरेल. गुलामीत जन्मलेला हा पुरुष १८३८ मध्ये तेथून निसटला आणि पुढे गुलामगिरीविरोधी लढ्याचा अग्रणी झाला. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत सर्वाधिक छायाचित्रे निघालेली व्यक्ती म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांची सुमारे १६० छायाचित्रे आज ज्ञात आहेत. गोरे चित्रकार काळ्या माणसाचे नाकडोळे आपल्या कल्पनेप्रमाणे विकृत करून रंगवितात, अशी त्यांची तक्रार होती. कॅमेरा मात्र समोर जे आहे तेच टिपतो, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा आश्रय घेतला आणि छायाचित्रकलेवर व्याख्यानेही दिली. उत्तम शिवलेला कोट, ताठ मान आणि सरळ नजर अशीच त्यांची बहुतेक छायाचित्रे आहेत. अमेरिकेतील गुलामगिरीच्या विरोधात झटणाऱ्यांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, त्या लढ्याचे डग्लस हे एक प्रमुख होते. ज्या विकृतीपासून सुटण्यासाठी डग्लस कॅमेऱ्याकडे गेले, ती विकृती आता कॅमेऱ्याच्याच आत येऊन बसत असेल, तर सावध होणे आपले कर्तव्य आहे.

आता प्रत्यक्ष उपयोगाचे थोडे. कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालते. सावळा चेहरा आणि मागे शुभ्र भिंत असली, की कॅमेरा भिंतीच्या उजेडाने फसतो, प्रकाश कमी घेतो आणि चेहरा आहे त्याहून काळवंडतो. असे कमी प्रकाशाचे चित्र दाणेदार होते. मग यंत्र ते दाणे पुसण्याच्या नादात कातडीचा पोत, तीळ, रेषा सारे पुसून टाकते. दोष त्वचेचा नसतो, प्रकाशाचा असतो. म्हणून उपायही प्रकाशाचाच करावा. दिवसा खिडकीकडे तोंड करून, ऊन अंगावर न घेता उभे राहावे. मागे पांढऱ्याऐवजी करडी, निळसर किंवा मातकट भिंत असावी. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याच्या मानाने प्रकाश घेतो. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर आणि हातभराहून अधिक अंतरावर धरावा, शक्य तर दुसऱ्याकडून छायाचित्र काढून घ्यावे. फार जवळून नाक मोठे दिसते. ‘ब्यूटी’ नावाची सोय काही फोनांत आधीपासूनच चालू असते, ती शोधून बंद करावी. एवढे केल्यावर यंत्राला सुधारण्यासारखे फारसे उरतच नाही.

तरीही यंत्राची मदत घ्यावयाची असेल, तर मूळ आणि सुधारलेले अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून तपासावीत. रंगाची छटा, तीळ, व्रण, जबड्याची ठेवण आणि नाकाची रुंदी यांपैकी काहीही बदलले असेल, तर ते चित्र टाकून द्यावे. पारपत्र, परीक्षेचे प्रवेशपत्र, ओळखपत्र यांसाठी यंत्राने घडविलेले छायाचित्र कदापि वापरू नये. तेथे छायाचित्राचे काम ओळख पटविण्याचे असते, आणि चेहरा जुळला नाही तर वर्षभराचे श्रम दारातच अडतात. अनोळखी ॲपला आपले दहा-पंधरा फोटो देण्यापूर्वी ते कोठे साठविले जातात आणि पुसता येतात की नाही हे वाचावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क ही तत्त्वे मान्य केली आहेत. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. मुलांच्या विवाहाच्या परिचयपत्रासाठी स्टुडिओत गेल्यावर “जरा उजळ करा” हे शब्द सहज तोंडून निघतात. ते शब्द मुलगी ऐकत असते. यंत्र चित्रांवरून शिकते, मूल आपल्या बोलण्यावरून शिकते.

आमच्या विद्यार्थ्यांनी अर्जावर उत्तम छायाचित्र लावावे, स्वच्छ कपडे घालावेत, केस नीट विंचरावेत, प्रकाश चांगला घ्यावा आणि नव्या साधनांचा निर्भयपणे उपयोगही करावा. परंतु ज्या चेहऱ्याने वसतिगृहाच्या दिव्याखाली रात्र रात्र अभ्यास केला, पदवी मिळविली आणि पहिल्या पगाराची स्वप्ने पाहिली, तोच चेहरा मुलाखतीच्या टेबलावर आधी पोहोचला पाहिजे. त्या चेहऱ्याला कोणाची उसनवारी करण्याचे कारण नाही.