मार्केट यार्डात कॅमेरा घेऊन जाताना

● वेळ : गुलटेकडीचा हा बाजार पहाटेच जागा होतो. दसऱ्याआधी फूलबाजारात झेंडूचे ढीग लागतात, गर्दीही तेवढीच.

● भेट : गाळ्यांच्या बोळात नको, रहदारीबाहेर जमा. फिरताना दोघादोघांच्या जोड्या करा.

● वाट : पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला थांबवू नका. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकू नका. मागे टेम्पो असतो.

● सामान : कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, सॅक पोटाशी. लेन्स भिंतीला पाठ लावूनच बदला.

● परवानगी : आधी नमस्कार, मग क्लिक. ‘नको’ म्हटलं की विषय संपला.

● निघताना : डोकी मोजा. मग हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’मध्ये पोटपूजा.

● अडचणीत : ११२.