एक हात स्वयंपाकघरालाही

पत्त्यांच्या खेळाला आपल्या घरांत मान कधी नव्हता, जागा मात्र होती. वार्षिक परीक्षा संपेपर्यंत पत्त्यांचा कॅट वडीलधाऱ्यांच्या कपाटात बंद असायचा आणि शेवटचा पेपर देऊन मुले घरी आली की निकालाची वाट न पाहता बाहेर निघायचा. बिलोलीकडे चैत्र-वैशाखात दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे कठीण. जुन्या माळवदाच्या घरात ढाळज हीच त्यातल्या त्यात थंड जागा. तिथे सतरंजी अंथरली जायची आणि ऊन उतरेपर्यंत डाव चालायचा. रात्री तोच डाव माळवदावर जायचा. पुढे भारनियमनाच्या वर्षांत तर दूरदर्शन बंद पडले की लोक आपोआप मेणबत्तीभोवती जमत आणि कुणीतरी पत्ते पिसायला घेई.

हा तालुका १९४८पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. १९५६च्या भाषावार पुनर्रचनेत बिलोली मराठी मुलखात आली आणि शेजारचे बोधन तेलुगू मुलखात गेले; सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. त्यामुळे इकडच्या डावात भांडण मराठीत सुरू होते, तेलुगूत वाढते आणि दखनीत मिटते. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट ही नावे कुठून आली हे कुणी विचारत नाही. एक्का, दस्सा, दुर्री, तिर्री हे शब्द पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

या सगळ्या आठवणी गोड आहेत. त्यांत एक आवाज मात्र कायम पलीकडच्या खोलीतून येत असतो. "वैनी, या की बसायला!" असे कुणीतरी ओरडते आणि आतून उत्तर येते, "तुम्ही चालू द्या, एवढा घाणा काढते नि येते." तो घाणा निघतो, दुसरा पडतो. भज्यांचे ताट बाहेर येते, रिकामे होऊन आत जाते. चार डाव होतात, वैनींना एकही पान मिळत नाही. शेवटी त्या येतात तेव्हा लहान मुले झोपलेली असतात आणि मंडळी चहा मागतात.

आपण घरी पत्त्यांची रात्र ठेवतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न इथे आहे. घरातले सगळे एकत्र बसावेत म्हणून हा घाट असेल, तर स्वयंपाकघरात उभे असलेले माणूस त्या 'सगळ्यां'त धरायचे की नाही?

पत्त्यांचा इतिहास बघितला तर तोही असाच दिसतो. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे. गोल, हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली १२० पाने. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. ती राजवाड्यातली चैन. पुढे छापील बावन्न पाने स्वस्त झाली आणि खेळ सामान्यांच्या घरात आला. आला खरा, पण ढाळजेतच थांबला. माजघर ओलांडून चुलीपर्यंत तो गेला नाही.

वडीलधाऱ्यांना पत्ते नको वाटत त्यामागे महाभारतातले द्यूत होते. "यानेच पांडव वनात गेले," असे ऐकतच आपण मोठे झालो. पण त्या सभेतली दुसरी गोष्ट कुणी सांगितली नाही. द्रौपदी खेळायला बसलीच नव्हती. डाव इतरांचा होता, पणाला ती लागली. घरातल्या पत्त्यांशी याची तुलना मोठी वाटेल, पण ज्याला पान मिळत नाही त्यानेच खेळाचा भार उचलायचा, ही रीत लहान प्रमाणात आपल्याकडेही आहे.

पैशाचे म्हणाल तर तो घरच्या डावात नकोच. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात म्हटले. तरी कौशल्य आणि पैसा एकत्र आले की काय होते, हे मोबाइलवरच्या रमीने दाखवले. बंद खोलीत एकट्याने, समोरच्याचे तोंडही न बघता खेळलेला तो खेळ. पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांवर २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. कायद्याचे काम कायदा करील. घरात चिंचोके पुरतात. वाटीभर चिंचोके हरलेला मुलगा जितका चिडतो तितके चिडणे पुरेसे शिक्षण आहे.

आता फराळाकडे वळू, कारण गाठ तिथेच आहे. घाणा चालू ठेवावा लागेल असा पदार्थ पत्त्यांच्या रात्री करूच नये. भजी तर अजिबात नको. तेलकट बोटांनी पाने एकमेकांना चिकटतात आणि बदामच्या राणीवर एकदा हळदीचा डाग पडला की ती कुणाच्या हातात आहे हे मागूनही ओळखता येते. डब्यात आधीच तयार असते तेच बरे. भाजक्या चुरमुऱ्यांचा चिवडा, ज्वारीच्या लाह्या, फुटाणे-शेंगदाणे, तिखट शंकरपाळे. तेलंगणात संक्रांतीला तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून सकिनाल करतात. तिकडच्या पाहुण्यांनी डबाभर आणले तर दोन रात्री निघतात. गरम काही हवेच असेल तर सुशीला करावी. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून डाळव्याचे कूट. दहा मिनिटांत होते आणि चमच्याने खाता येते. जेवण म्हणून सायंकाळीच धपाटे आणि दही उरकून घ्यावे.

सँडविचच्या जन्माची एक आख्यायिका सांगतात. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या त्या नावाच्या सरदाराला पत्त्यांच्या टेबलावरून उठायचे नव्हते, म्हणून त्याने पावात मांस घालून मागवले. युक्ती चांगलीच होती. ते करून आणणाऱ्याचे नाव मात्र त्या गोष्टीत नाही.

आपल्या घरी नियम सोपे ठेवावेत. वाट्या मुलांनी भराव्यात. घरातले शेवटचे माणूस सतरंजीवर बसल्याशिवाय पहिले पान वाटू नये. "मला नाही येत" म्हणणारीला बदाम सात शिकवावा. पाच मिनिटे लागतात आणि पहिलीतला नातू व सत्तरीची आजी त्यात बरोबरीने खेळतात. चौघे जमले तर मेंढीकोट. त्यात नव्या खेळाडूला जाणत्याचा भिडू करावे, म्हणजे चार दस्से कसे ओढायचे ते डावातच कळते. तिघेच असतील तर पाच-तीन-दोन. कमी पडलेले हात पुढच्या डावात फेडावे लागतात. आम्ही बँकवाले त्याला बिनव्याजी कर्ज म्हणू, पण वसुली अगदी चोख असते.

मग असेही होते की इतकी वर्षे भजी तळणाऱ्या वैनी हुकूम लपवून ठेवतात आणि शेवटच्या हाताला दस्सा मारतात. घरातल्या हिशेबी माणसाचे पानांवरही लक्ष असतेच. त्यांच्या हातात पाने कुणी दिली नव्हती, इतकेच.

हरेल त्याने चहा करावा, हा शेवटचा नियम. मात्र साखरेचा डबा कुठे आहे हे त्याने आतून ओरडून विचारायचे नाही.