आखाती देशांतील पाहुणचार : मराठी प्रवाशांसाठी काही सूचना

मुस्लिम देशांत जाणाऱ्यांसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके बहुधा पाश्चात्त्य वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. पादत्राणे बाहेर काढावीत, उजव्या हाताने जेवावे, परस्त्रीशी हस्तांदोलनाची घाई करू नये, असे त्यांत आग्रहाने सांगितलेले असते. मराठी माणसास यात नवे काही नाही. देवघराने आणि पंगतीने ते त्यास बालपणीच शिकविलेले असते. म्हणूनच आपणांस सारे ठाऊक आहे असा त्याचा समज होतो, आणि धोका नेमका तेथेच असतो.

जबलपूरसारख्या नगरातील मराठी कुटुंबांना परभाषिक प्रदेशात राहण्याची सवय जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नगर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले व 1817 मध्ये इंग्रजांकडे गेले. पुढेही येथील मराठी माणूस घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलत आला. अशा घरांतील मुले आता दुबई, मस्कत, दोहा येथे नोकरीस असतात, आणि मुलीच्या बाळंतपणासाठी आई प्रथमच परदेशी निघते. तिच्या सामानात डिंकाचे लाडू आणि घरी कुटलेला गोडा मसाला असणारच.

या दोन्ही पदार्थांत पुष्कळ घरी खसखस घालतात. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातील बी. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात उघड मिळते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती प्रतिबंधित आहे, आणि ती जवळ सापडल्यास अटकेचा प्रसंग येऊ शकतो. नकळत आणली, ही सबब तेथे पुरेशी ठरेलच असे नाही. म्हणून लाडू खसखशीवाचून करावेत आणि मसाला तेथील बाजारातून घ्यावा. विड्याची पानेही नेऊ नयेत.

औषधांचेही तसेच आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, काही वेदनाशामकांत ट्रामाडॉल. अशी नियंत्रित औषधे नेण्यास पूर्वपरवानगी लागते. वैद्याची चिठ्ठी जवळ ठेवावी आणि औषधे मूळ वेष्टनातच असू द्यावीत. शेजाऱ्याने कोणासाठी दिलेले बंद पुडके, ते कितीही ओळखीचे असले तरी, न उघडता घेऊ नये. नाही म्हणण्याचा संकोच येथे महाग पडतो.

रमजानच्या महिन्यात सूर्योदयापूर्वीपासून सूर्यास्तापर्यंत श्रद्धाळू अन्नपाणी वर्ज्य करतात. या काळात दिवसा रस्त्यावर काही खाऊ-पिऊ नये. ओमानमध्ये तसे करणे कायद्याने दंडनीय आहे. निर्जळी एकादशी पाळणाऱ्या घरास या संयमाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. सुट्टीचे दिवसही पाहून ठेवावेत : ओमानमध्ये 2013 पासून शुक्रवार-शनिवार, तर अमिरातीच्या केंद्र सरकारी कचेऱ्यांत 2022 पासून शुक्रवारच्या दुपारपासून रविवारपर्यंत सुट्टी असते.

अरब घरी गेल्यास कहवा नाकारू नये. पेला उजव्या हाताने घ्यावा. पुरे झाल्यावर तो किंचित हलवावा, नाहीतर यजमान भरीतच राहतो. पायाचा तळवा कोणाकडे रोखून बसू नये. यजमानीण हात पुढे करील तरच हस्तांदोलन करावे. एरवी आपला हात छातीशी नेणे पुरे. अनुमतीवाचून कोणाचे, विशेषतः स्त्रियांचे, छायाचित्र घेऊ नये. देवदर्शनाची ओढ असणाऱ्यांस मस्कतमध्ये शिवमंदिर आहे, आणि अबुधाबीजवळ 14 फेब्रुवारी 2024 रोजी एका भव्य मंदिराचे उद्घाटन झाले आहे.

हे प्रदेश आपणांस अगदी परके नाहीत. भारतीय रुपया तेथे दीर्घकाळ चालत असे. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि ओमानमध्ये त्या 1970 पर्यंत वापरात होत्या. दुकान, हिशेब, वकील, तारीख, साबण हे आपले रोजचे शब्द अरबी भाषेतही सापडतात. तेथील बाजारात ते कानी पडले म्हणजे परकेपणा उणावतो.

मात्र शब्द ओळखीचा वाटला म्हणून कायदाही ओळखीचा असेल असे मानू नये. प्रवासापूर्वी आठवडाभर आधी सामानाची यादी करावी, प्रत्येक डब्यात काय घातले आहे हे तीत लिहावे, आणि ती तेथे राहणाऱ्या मुलास वा मुलीस वाचून दाखवावी. एवढ्या खबरदारीने बाळंतिणीस आई वेळेवर भेटेल.