चाओ फ्रायाकाठची मंदिरे आणि प्रवाशाचे नाणे

व्यापारानिमित्त बँकॉकला जाणे-येणे असलेली जैन कुटुंबे थोडी नाहीत. सीलोम व महेसाक रस्त्यांच्या परिसरातील रत्नबाजारात भारतीय जवाहिऱ्यांच्या पेढ्या अनेक वर्षांपासून आहेत. कामकाज आटोपले, की एक दिवस बहुधा चाओ फ्राया नदीकाठच्या बौद्ध मंदिरांसाठी राखला जातो. त्या एका दिवसात प्रवाशाच्या खिशातून बरीच नाणी निघतात. ती कोठे जातात आणि काय करतात, हे व्यापारी दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर आणि भिक्षूंचे निवास मिळून झालेले आवार. पहिले राम यांनी 1782 मध्ये राजधानी पश्चिम तीरावरील थोनबुरीहून पूर्व तीरावर हलविली. त्यामुळे मोठी मंदिरे नदीच्या दोन्ही अंगांना आहेत. पूर्वेच्या ता तियेन धक्क्यावरून होडीने काही बाथांत पलीकडे गेले, की वाट अरुण लागते. त्याचे मधले शिखर सत्तर मीटरहून उंच असून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. जवळून पाहिल्यास त्यावरील फुले म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आहेत, हे ध्यानात येते. चीनहून येणाऱ्या गलबतांच्या तळाशी तोल राखण्यासाठी अशी भांडी भरलेली असत. बंदरात ज्याला फारसा भाव आला नसता, तो माल आज शिखरावर झळकतो आहे!

ता तियेनच्या बाजूसच वाट फो आहे. येथील 46 मीटर लांबीची शयनस्थ बुद्धमूर्ती सर्वज्ञात आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामात 108 मंगलचिन्हे कोरलेली आहेत. मूर्तीच्या पाठीमागे भिंतीलगत 108 धातूची पात्रे ओळीने मांडली असून भाविक सुटी नाणी घेऊन प्रत्येक पात्रात एकेक टाकीत जातात. पंचपरमेष्ठींचे 108 गुण पाठ असलेल्या श्रावकाला ही संख्या परकी वाटणार नाही. या मंदिराच्या औपचारिक नावात ‘चेतुफोन’ हा शब्द आहे. तो श्रावस्तीच्या जेतवनाचा थाई उच्चार. ज्या उद्यानाची भूमी अनाथपिंडिक श्रेष्ठीने सुवर्णमुद्रांनी झाकून बुद्धासाठी विकत घेतली, असे पाली परंपरा सांगते, ते हेच जेतवन. श्रावस्ती ही संभवनाथ भगवंतांची जन्मभूमी असल्याने तिचे नाव आपल्या घरांतही घेतले जाते. एका व्यापाऱ्याच्या दानाची आठवण अशी परदेशी नदीकाठी नांदते आहे.

राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओ येथे परदेशी प्रवाशास 500 बाथांचे तिकीट पडते. थाई नागरिकांस ते नाही. तेथील ‘मरकतबुद्ध’ पाचूचा नव्हे, हिरव्या जेडसदृश पाषाणाचा आहे, हे जवाहिऱ्यांच्या घरातील मुलांना आवर्जून सांगावे. सुमारे 66 सेंटिमीटर उंचीच्या या मूर्तीची सुवर्णवस्त्रे उन्हाळा, पावसाळा व हिवाळा या तीन ऋतूंत राजाच्या हस्ते बदलली जातात. अंगीची परंपरा जाणणाऱ्यांस यात आपलेपणा वाटेल. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर काढावीत, बसताना पाय मूर्तीकडे करू नयेत, स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, हे नियम शिकवावे लागू नयेत. आशातना टाळणे आपल्याला घरातूनच ठाऊक असते. तरीही मूर्तीकडे पाठ करून हसत छायाचित्र काढणाऱ्यांत आपली मंडळी दिसतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

याच फाटकाबाहेर नीटनेटक्या पोशाखातील गृहस्थ भेटतो. “आज मंदिर बंद आहे,” असे आदराने सांगून तो स्वस्तात टुकटुक ठरवून देतो, आणि ती शेवटी एखाद्या रत्नांच्या दुकानापाशी थांबते. सरकारी विक्री, आजचाच शेवटचा दिवस, गावी नेल्यास दुप्पट भाव, ही भाषा ऐकताच मागे फिरावे. पिढीजात व्यापार करणाऱ्यांनीही दुप्पट भावाच्या आशेने हात पोळून घेतले आहेत.

भोजनाविषयी एक उपयुक्त गोष्ट. पिवळ्या पताकेवर तांबडे ‘जे’ अक्षर दिसेल तेथे मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळे मात्र असू शकतात, तेवढे विचारून घ्यावे. अन्यत्र साध्या भाजीतही मत्स्यरस पडतो.

सर्वांत कठीण प्रसंग काही मंदिरांच्या दाराशी येतो. लहान पिंजऱ्यांत मुनिया दाटीने कोंबलेल्या असतात. थोडे बाथ द्यावेत, दार उघडावे, पाखरे आकाशात उडावीत आणि पुण्य लाभावे, असा हा व्यवहार. जीवदया ज्याच्या रक्तात आहे, त्याचा हात येथे सहज खिशाकडे जातो. सोबत लहान मुले असतील तर ती हट्टच धरतात. परंतु ही पाखरे तेथे आली कशी? ती सोडविली जावीत, याचसाठी जाळ्याने धरलेली असतात. काही पिंजऱ्यातच प्राण सोडतात. सुटलेली दमून जवळच बसतात आणि पुन्हा धरली जाऊ शकतात. ज्या मालाला रोज गिऱ्हाईक मिळते, त्याचा पुरवठा रोज होतो, हे दुकानदाराला कोणी सांगायला नको. पांजरापोळीत दिलेला पैसा जनावराच्या आयुष्यभराच्या चाऱ्यापाण्याला लागतो. येथे तो उद्याच्या जाळ्याला लागतो. समोरचा पक्षी तडफडत असताना पाकीट मिटून पुढे जाणे निष्ठुर वाटते, आणि मुलाला ते समजावणे त्याहून अवघड. तरी समजवावेच.

मुलाचा हात रिकामा राहू नये असे वाटत असेल, तर नदीकाठच्या एखाद्या मठाच्या धक्क्यावर न्यावे. अशा अनेक धक्क्यांसमोर मासे पकडण्यास मनाई असते. तेथे पावाचा तुकडा पाण्यात पडताच शेकडो मोठे मासे एकमेकांवर चढत वर येतात.