एक काच काळी: साध्या टीव्हीवर खोली दाखवण्याच्या वाटा

पातूरच्या आजच्या व्याख्यानात आपण टीव्हीवरच्या त्रिमिती चित्राबद्दल बोलणार आहोत. पण समोर ठेवलेला टीव्ही थ्रीडी नाही, साधाच आहे. थ्रीडी टीव्ही २०१० च्या सुमारास बाजारात आले, तेव्हा त्यांचा मोठा गाजावाजा झाला. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' हा मराठी चित्रपटही थ्रीडीत आला. पण घरी बसून चष्मा लावायला लोक कंटाळले. महागडे चष्मे, त्यांचं चार्जिंग, आणि पाहुणे आले की चष्मे कमी! २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते टीव्ही बनवणंच थांबवलं. मग साध्या टीव्हीवर खोली दाखवताच येत नाही का? येते. ती कशी, ते आज समजून घेऊ.

आधी मूळ गोष्ट. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोघांना चित्र थोडं वेगळं दिसतं. बोट नाकासमोर धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट इकडून तिकडे उडी मारतं की नाही? या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. व्हीटस्टन यांनी हे १८३८ मध्ये दाखवून दिलं. तेव्हापासून थ्रीडीची प्रत्येक युक्ती एकच काम करते: दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं पोचवायची. फरक असतो तो चित्रं कशी वेगळी करायची यात.

पहिली वाट रंगाची. एका चित्राला लाल रंग द्यायचा, दुसऱ्याला निळा-हिरवा, आणि दोन्ही एकावर एक ठेवायची. चष्म्याची लाल काच एक चित्र अडवते, निळसर काच दुसरं. चांद्रयान ३ आठवा. प्रज्ञान रोव्हरच्या दोन कॅमेऱ्यांनी घेतलेल्या फोटोंवरून विक्रम लँडरचं असंच चित्र इस्रोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. डावं चित्र लाल, उजवं निळं-हिरवं. ते कुठल्याही टीव्हीवर लावा, कागदी चष्म्यातून चंद्राची जमीन खोल दिसते. तोटा एवढाच की खरे रंग मारले जातात, आणि चष्मा नसलेल्याला चित्र फाटल्यासारखं दिसतं.

दुसरी वाट बिनचष्म्याची. जत्रेत देवाचे फोटो मिळतात ना, वाकडे केले की दुसराच देव दिसतो? त्यावर प्लॅस्टिकच्या बारीक उभ्या नळ्यांसारखं भिंग असतं. तेच भिंग पडद्यावर बसवलं, की डाव्या डोळ्याला एक रेघ दिसते आणि उजव्याला शेजारची. तोशिबाने २०१० मध्ये असे टीव्ही आणले होते. पण चित्राच्या रेघा वाटल्या गेल्यामुळे बारकावा कमी होतो, आणि डोकं जरा हललं की चित्र बिघडतं.

तिसरी वाट आमच्या सगळ्यात आवडीची, कारण तिला पैसा लागत नाही. जुन्या गॉगलची एक काच काढून टाका. एका डोळ्यावर काळी काच, दुसरा मोकळा. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे.

यात होतं काय? अंधुक उजेडात डोळा मेंदूला खबर उशिरा देतो. उशीर काही मिलिसेकंदांचाच, पण तेवढा पुरतो. समजा पडद्यावर एक एसटी डावीकडून उजवीकडे चालली आहे, सेकंदाला पन्नास सेंटिमीटर. काळी काच उजव्या डोळ्यावर आहे आणि उशीर दहा मिलिसेकंदांचा. म्हणजे उजव्या डोळ्याला एसटी अर्धा सेंटिमीटर मागे, डावीकडे दिसते. दोन्ही डोळ्यांच्या नजरा पडद्याच्या अलीकडेच एकमेकींना छेदतात. तीन मीटरवरून पाहिलं तर एसटी पडद्यापुढे वीस-बावीस सेंटिमीटर आलेली भासते. तीच एसटी उलट गेली, तर पडद्याच्या आत जाते.

याला पुल्फ्रिख परिणाम म्हणतात. कार्ल पुल्फ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये तो समजावून सांगितला. गंमत म्हणा की दैव, त्यांचा स्वतःचा एक डोळा गेलेला होता, म्हणजे हा परिणाम त्यांना स्वतःला दिसणं शक्य नव्हतं. १९९३ मध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू'चा एक खास भाग याच पद्धतीने दाखवला. ज्यांच्याकडे चष्मा नव्हता त्यांना चित्र नेहमीसारखंच दिसलं. या वाटेचा मोठा फायदा तोच.

असं चित्रण तुम्हीही करू शकता. अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूरनंतर घाट लागतो. एसटीच्या खिडकीतून मोबाईल सरळ आडवा धरा आणि हलवू नका. जवळची झाडं भरभर मागे जातात, डोंगर हळू. नियम सोपा आहे: डाव्या खिडकीतून चित्रण केलं तर पाहताना काळी काच डाव्या डोळ्यावर, उजव्या खिडकीतून केलं तर उजव्या. उलट केलं, तर डोंगर पुढे आणि झाडं मागे! आणि पडद्यावर काही हललंच नाही, तर खोलीही नाही. या वाटेची मर्यादा तीच.

याच चित्रणातून खरी थ्रीडी जोडीही निघते. मोबाईल सेकंदाला पंचवीस चित्रं घेत असेल आणि तुम्ही ताशी सहा किलोमीटरने चालत असाल, तर दोन चित्रांच्या मधे तुम्ही पावणेसात सेंटिमीटर सरकता. म्हणजे जवळजवळ दोन डोळ्यांतलं अंतर! एक चित्र एका डोळ्याला, पुढचं दुसऱ्याला दिलं की झालं. एसटी ताशी छत्तीसने चालली तर हेच अंतर चाळीस सेंटिमीटर होतं. ते जवळच्या झाडाला फार, पण दूरच्या डोंगराला उत्तम.

आता महत्त्वाचं. गॉगलचा प्रयोग केल्यावर काहींना काहीच फरक दिसत नाही. त्यात लाजायचं काही नाही, पण दुर्लक्षही करू नका. लहान मुलाचा एक डोळा 'आळशी' असेल तर मेंदू त्याचं चित्र बाजूला टाकतो, आणि मूल तक्रार करत नाही, कारण त्याला वेगळं काही माहीतच नसतं. हा दोष लहानपणी सापडला तर उपचाराचा फायदा जास्त होतो. टीव्ही म्हणजे तपासणी नव्हे, पण शंका आली तर मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यायला हे कारण पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट मोठ्या माणसांची. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल तर तो डोळा काळ्या काचेसारखा वागू शकतो. तेव्हा हा परिणाम टीव्हीवर नाही, रस्त्यावर होतो. समोरून आडवी जाणारी गाडी आहे तिथे दिसत नाही. घरातले आजोबा म्हणत असतील, 'मले गाडीचा अंदाजच येत नाही,' तर 'आता वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. आणि तरुण मंडळींनो, एका काचेचा गॉगल घालून मोटारसायकल मात्र चालवायची नाही. तो टीव्हीपुरताच ठेवा.