खरखर ऐका, मग स्पीकर लावा

नवे स्पीकर आणले की आपण आवडतं गाणं लावून त्यांची पारख करतो. पण गाण्यात स्वर सतत बदलतात, त्यामुळे दोष पकडणं कठीण जातं. तंत्रज्ञ वापरतात ‘पिंक नॉइज’, म्हणजे धबधब्यासारखी अखंड खरखर. तिच्यात प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखीच ऊर्जा येते. २० ते ४० हर्ट्‌झला जेवढी, तेवढीच १०,००० ते २०,००० हर्ट्‌झला.

ही खरखर दोन्ही स्पीकरवर एकदम लावा आणि मधोमध बसा. आवाज समोरून, मध्यातून यायला हवा. तो पसरट वाटला, नेमका कुठून येतो ते कळेना, तर एका स्पीकरच्या तारा बहुधा उलट जोडल्या आहेत. मग एकेक स्पीकर वाजवून मोबाइलच्या ध्वनिमापक ॲपवर पातळी सारखी करा. त्याचे आकडे काटेकोर नसले तरी तुलनेला पुरतात.

नंतर खालून वर चढत जाणारा स्वर लावा. खर्जात तो मध्येच घुमला तर दोष बहुधा खोलीचा. समोरासमोरच्या भिंतींत ३.४ मीटर अंतर असेल तर सुमारे ५० हर्ट्‌झचा स्वर फुगतो. खुर्ची किंवा स्पीकर थोडा सरकवून पाहा.

चाचणी मात्र लहान आवाजातच सुरू करा. मोठ्या आवाजातला सलग तीव्र स्वर ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला उंच स्वर वाजवणारा भाग, जाळू शकतो.